ग्रँट ग्रीन १९६५ साली संपला नव्हता

जाझच्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांमध्ये गिटारवादक ग्रँट ग्रीनविषयी एक मत इतके मुरले आहे, की ते आता मत म्हणून मांडलेच जात नाही. माहिती म्हणून सांगितले जाते. ते असे: ग्रीनचा खरा काळ १९६१ ते १९६५. त्या काळात ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी त्याने वाजवले ते सोने. त्यातही पियानोवादक सॉनी क्लार्कबरोबरची जी ध्वनिमुद्रणे कंपनीने तेव्हा बाजारात आणली नाहीत, ती बावनकशी. १९६९ नंतर त्याने फंक वाजवायला घेतला तो पैशासाठी, कंपनीच्या दबावाखाली आणि व्यसनाने खंगलेल्या अवस्थेत. त्या रेकॉर्डी नाचायला ठीक, बसून ऐकायच्या नव्हेत.

हे मत मला चुकीचे वाटते. त्याने एका मोठ्या कलावंताची निम्मी कारकीर्द न ऐकताच बाद होते, म्हणून ते खोडून काढणे गरजेचेही वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: १९६५ ची रेघ संग्राहकांनी रेकॉर्डीच्या लेबलांवरून आणि कपाटातल्या टेपांवरून ओढली आहे, ती ग्रीनच्या वादनात ऐकू येत नाही. ग्रीन आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे होता, आणि ती गोष्ट त्याला उत्तरकाळातल्या काही मैफलींत पूर्वीइतकीच, क्वचित पूर्वीपेक्षा जास्त सापडली.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही. तेव्हा आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

ग्रीन मूळचा सेंट लुईसचा. सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनने त्याला तिथे ऐकले आणि ब्लू नोटच्या आल्फ्रेड लायनशी त्याची गाठ घालून दिली. १९६० मध्ये ग्रीन न्यूयॉर्कला आला. २८ जानेवारी १९६१ रोजी ‘ग्रँट्स फर्स्ट स्टँड’ ध्वनिमुद्रित झाली आणि पुढची चार वर्षे हा माणूस जणू स्टुडिओतून बाहेरच पडला नाही. स्वतःच्या नावावर वीसच्या आसपास रेकॉर्डी होतील एवढे संगीत, शिवाय इतरांच्या रेकॉर्डींवर साथ. यातल्या २३ डिसेंबर १९६१, १३ जानेवारी १९६२ आणि ३१ जानेवारी १९६२ या तीन बैठकी सॉनी क्लार्क आणि बासवादक सॅम जोन्स यांच्याबरोबरच्या. ड्रमवर दोनदा लुई हेज, मधल्या बैठकीला आर्ट ब्लेकी. सहा आठवड्यांच्या आत तीन रेकॉर्डींचा ऐवज तयार झाला, आणि तिन्ही कपाटात गेल्या. वर्षभरात, १३ जानेवारी १९६३ रोजी, क्लार्क वारला. वय अवघे ३१.

‘गुडन्स कॉर्नर’, ‘नायजेरिया’ आणि ‘ओलिओ’ या नावांनी त्या बैठकी बाहेर आल्या १९८० साली, आणि त्यांतल्या दोन तर प्रथम जपानमध्ये. तोवर ग्रीनही गेला होता. ३१ जानेवारी १९७९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. पुढे १९९० मध्ये ‘मोझेक’ या कंपनीने ग्रीन-क्लार्क जोडीचे सगळे काम एका संचात आणले. ब्लू नोटची कपाटे १९७५ पासून धुंडाळणाऱ्या मायकेल कस्कुनाच्या चिकाटीचे हे फळ. ते संगीत अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. क्लार्कच्या पियानोत एक मोकळी, हलकी चाल आहे. ग्रीनच्या एकेरी सुरांच्या ओळीला ती जागा देते आणि नेमक्या वेळी खालून आधार देते.

आता दुसरी बाजू. लायनने १९६५ मध्ये कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली आणि १९६७ मध्ये तो निवृत्त झाला. ग्रीन १९६७ ते १९६९ या काळात हेरॉइनच्या पायी जवळजवळ दिसेनासा झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘कॅरिंग ऑन’ घेऊन तो ब्लू नोटकडे परतला, तेव्हा त्याच्या समोर जेम्स ब्राउनचे गाणे होते आणि न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’ या बँडची धून होती. पुढच्या तीन वर्षांत बीटल्स, बर्ट बॅकरॅक, कूल अँड द गँग, चित्रपटाचे संगीत, इतकेच काय मोझार्टची सिम्फनीसुद्धा त्याच्या रेकॉर्डींवर आली. पूर्वपक्षाचे म्हणणे, हा उतार नाही तर काय?

तारखा आणि नावे सगळी खरी. माझा झगडा आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाशी.

पहिला मुद्दा कपाटाचा. एखादे ध्वनिमुद्रण वीस वर्षे कपाटात राहिले याचा अर्थ काय? संग्राहकांत याची दोन परस्परविरोधी उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, कंपनीला त्यात काही उणे दिसले असणार. दुसरा म्हणतो, बाजाराला न झेपणारे शुद्ध संगीत होते म्हणून ते दडपले गेले. दोन्ही उत्तरे एकच चूक करतात: रेकॉर्डीच्या व्यापारी नशिबाला ती संगीताचा गुण किंवा दोष समजतात. ग्रीनच्या बाबतीत साधा हिशेब पुरेसा आहे. एका वादकाच्या नावावर एका लहान कंपनीला वर्षाला किती रेकॉर्डी विकता येतील? १९६१ सालात ब्लू नोटने ग्रीनच्या नावावर ‘फर्स्ट स्टँड’, ‘ग्रीन स्ट्रीट’, ‘संडे मॉर्निन’, ‘ग्रँटस्टँड’ एवढ्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि वर्ष संपायच्या आत क्लार्कबरोबरची बैठक झाली. काहीतरी मागे राहणारच होते. लायन ध्वनिमुद्रण मोकळ्या हाताने करी आणि प्रकाशन हात राखून.

कपाटात काय काय गेले ते पाहिले, की दडपलेल्या शुद्धतेची गोष्ट टिकत नाही. मे १९६४ मधली ‘मॅटाडोर’ कपाटात गेली. तिच्यात जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतले मकॉय टायनर आणि एल्विन जोन्स आहेत, आणि कोल्ट्रेनने गाजवलेले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ग्रीनने गिटारवर घेतले आहे. ती बाहेर आली ग्रीन गेला त्या वर्षी, १९७९ मध्ये. पण १९६२ च्या नोव्हेंबरातली ‘गोइन वेस्ट’ही सात वर्षे पडून राहिली, आणि तिच्यात काउबॉय गाण्यांची गिटार आहे. म्हणजे कपाटाने कोल्ट्रेनच्या वळणाचे संगीतही गिळले आणि बाजाराकडे पाहून केलेले संगीतही गिळले. कपाटाला आवडनिवड नव्हती.

लेबलाच्या रेघेचेही तेच. जुन्या ब्लू नोट रेकॉर्डीत, सूर संपून मध्यावरच्या लेबलापर्यंत जी कोरी चकती उरते, तिच्यावर कानासारखी दिसणारी एक बारीक खूण कोरलेली असते. प्लास्टिलाइट या कारखान्याची ती खूण. ती १९६६ मध्ये बंद झाली. मुरलेला संग्राहक रेकॉर्ड हातात घेताच दिव्याखाली तिरकी धरतो आणि आधी ती खूण शोधतो. खूण असली तर किंमत एक, नसली आणि लेबलावर लिबर्टीचे नाव असले तर दुसरी. छपाईचा दर्जा ठरवायला ही पद्धत रास्त आहे. पण हळूहळू ती खूण संगीताचाही दाखला होऊन बसते, आणि तिथे ती फसवते. ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ नोव्हेंबर १९६४ मध्ये वाजवली गेली: बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन, लॅरी यंगचा ऑर्गन, एल्विन जोन्सचे ड्रम. प्रकाशित झाली १९६७ मध्ये, लिबर्टीच्या अमलाखाली. तिला खूण नाही. सोनेरी काळातले संगीत आणि उतरत्या काळातले लेबल एकाच चकतीवर असताना, रेघ नेमकी कुठे ओढायची?

दुसरा मुद्दा बाजाराचा. १९६९ नंतर ग्रीन बाजाराकडे वळला, असे म्हणणाऱ्यांनी १९६२ ची यादी पुन्हा वाचावी. त्या वर्षी लॅटिन ठेक्यांची लाट होती, म्हणून ‘द लॅटिन बिट’ झाली. त्याच वर्षी रे चार्ल्सने ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले, आणि नोव्हेंबरात ते ‘गोइन वेस्ट’च्या बैठकीत ग्रीनच्या गिटारवर आले. डिसेंबरात आध्यात्मिक गीतांची ‘फीलिन द स्पिरिट’ झाली. मार्च १९६५ मध्ये बीटल्सच्या ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’वर अख्ख्या रेकॉर्डीचे नाव बेतले गेले, तिच्यात टेनर सॅक्सोफोनवर हँक मोब्ली आहे, आणि संग्राहक ती रेकॉर्ड आनंदाने सोनेरी काळात मोजतात. मग १९७० मध्ये ‘ग्रीन इज ब्युटिफुल’वर बीटल्सचेच ‘अ डे इन द लाइफ’ आले, की ते पतन कसे ठरते?

क्लार्कबरोबरच्या बैठकींतली गाणीसुद्धा कुठून आली? ‘नायजेरिया’वरचे ‘द साँग इज यू’ हे जेरोम कर्नने १९३२ च्या एका संगीत नाटकासाठी केलेले गाणे. ‘इट एन्ट नेसेसरिली सो’ गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मधले, १९३५ चे. आपापल्या काळात ही तिकीटबारीवर विकली जाणारी गाणीच होती. तीस वर्षे जुने लोकप्रिय गाणे घेतले तर अभिजात आणि तीन महिने जुने घेतले तर विक्रीचा माल, हा भेद काळाने गाण्यावर चढवलेल्या प्रतिष्ठेचा आहे. वादकाने त्या गाण्याचे काय केले, हे त्यातून कळत नाही.

तिसरा मुद्दा दबावाचा. त्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार याच्यावर आहे. ग्रीनला मोकळे सोडले असते तर त्याने पियानो चौकडीत स्टँडर्ड गाणीच वाजवली असती, कंपनीने त्याला फंककडे ढकलले, असे सांगितले जाते.

पहिली गोष्ट, ढकलणारा कोण? ‘अलाइव्ह!’ या १५ ऑगस्ट १९७० च्या मैफलीचा निर्माता होता फ्रान्सिस वुल्फ. लायनबरोबर ज्याने ब्लू नोट उभी केली आणि जिची मुखपृष्ठे ज्याच्या छायाचित्रांनी ओळखली जातात, तोच वुल्फ. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरचे, ज्याच्या सहीला संग्राहक देवघरातल्या टाकासारखे जपतात. तीच माणसे, तेच कान. दुसरी गोष्ट, ग्रीनची ब्लू नोटवरची पहिली प्रकाशित रेकॉर्डच मुळी ऑर्गन त्रयीची आहे. बेबी फेस विलेटचा ऑर्गन, बेन डिक्सनचे ड्रम, आणि ब्लूजवर ब्लूज. पियानो चौकडी हे ग्रीनचे घर आणि ऑर्गन ही पुढची तडजोड, असा क्रम मानणाऱ्यांना सुरुवातच उलटी सापडते.

आणि तिसरी गोष्ट, जी या वादात निर्णायक ठरावी. ‘कॅरिंग ऑन’च्या बैठकीनंतर तीनच आठवड्यांनी, २६ ऑक्टोबर १९६९ रोजी, ग्रीन पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओसाठी वाजवत होता. बासवर लॅरी रिडली, ड्रमवर डॉन लॅमंड, एका गाण्याला गिटारवादक बार्नी केसेलची सोबत. ब्लू नोटची विक्री डोळ्यांपुढे ठेवून वाजवायची इथे गरज नव्हती. ग्रीनने काय वाजवले? सॉनी रॉलिन्सची ‘ओलिओ’ आणि ‘सॉनीमून फॉर टू’. जोबीमची ‘हाउ इन्सेन्सिटिव्ह’. आणि जेम्स ब्राउनचे तेच गाणे, जे त्याने ‘कॅरिंग ऑन’वर घेतले होते. ज्या ‘ओलिओ’चे नाव घेऊन संग्राहक १९६२ चा ग्रीन जपतात, ती ‘ओलिओ’ आणि जेम्स ब्राउन एका दिवसात, एका हाताने, एका गिटारवर. हे ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये रेझोनन्स या कंपनीने ‘फंक इन फ्रान्स’ या संचात प्रकाशित केले. त्याच वर्षी त्यांनी ‘स्लिक!’ही आणली: ५ सप्टेंबर १९७५, व्हँकुव्हरचा ऑइल कॅन हॅरीज हा क्लब. ब्लू नोटचा संबंध तोवर संपला होता. त्या रात्री चार्ली पार्करची ‘नाउज द टाइम’ आहे, जोबीमची तीच धून पंचवीस मिनिटांच्या वर चालली आहे, आणि मग स्टॅन्ली क्लार्क, ओहायो प्लेयर्स, बॉबी वोमॅक, स्टीव्ही वंडर, ओजेज यांची अर्ध्या तासाची एक सलग माळ. पार्करपासून स्टीव्ही वंडरपर्यंत सगळे एकाच बैठकीत मांडणाऱ्या वादकाला कोणी ढकलत होते असे म्हणणे, हा त्याच्या निवडीचा अपमान आहे.

व्यसनाची गोष्टही इथेच निकालात काढतो. हेरॉइनने ग्रीनचे आयुष्य पोखरले, हे खरे. पण ते त्या सोनेरी वर्षांतही पोखरत होते, आणि सॉनी क्लार्कला तर त्याने वेढलेलेच होते. ज्या दुःखाने १९६२ च्या सुरांना झळाळी येते असे आपण मानतो, त्याच दुःखाने १९७० चे सूर मळतात असे मानणे न्यायाचे नाही.

चौथा आक्षेप संगीताचा आहे, म्हणून तो सर्वांत आदराने घ्यायला हवा. आक्षेप असा, की उत्तरकाळात ग्रीन तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो. खाली एक-दोन कॉर्डच फिरत राहतात. कल्पनेचे दारिद्र्य पुनरावृत्तीने झाकले जाते.

याचे उत्तर ‘नायजेरिया’मध्येच आहे. तिथे ‘इट एन्ट नेसेसरिली सो’ला ब्लेकीने शफलचा झोकदार ठेका दिला आहे आणि ते दहा मिनिटांच्या वर चालते. ग्रीनच्या वादनाची जात तिथे स्पष्ट दिसते. तो कॉर्ड जवळजवळ वाजवतच नाही. एका वेळी एकच सूर, सॅक्सोफोनसारखी सुटी ओळ. ती त्याने घडवली सॅक्सोफोनवादक पार्करच्या आणि गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या वळणावर. मध्येच तो चार-पाच सुरांची एक छोटी फिरकी पकडतो आणि सोडत नाही. खाली क्लार्कच्या कॉर्ड बदलत राहतात, वर तुकडा तोच. त्यामुळे तोच सूर एकदा विसावल्यासारखा वाटतो, पुढच्या खेपेला टोचतो, त्याच्या पुढच्या खेपेला सुटकेची वाट पाहत असतो. पुनरावृत्ती हे त्याचे हत्यार १९६२ मध्येच पाजळलेले होते.

आता ‘अलाइव्ह!’वरचे ‘सूकी सूकी’ ऐका. इथे कॉर्ड जागची हलत नाही. म्हणजे ताण आणि सुटका यांच्यासाठी जे काम आधी क्लार्कचा पियानो करत होता, ते आता लयीला करावे लागते. ड्रमवर आहे इद्रिस मुहम्मद, न्यू ऑर्लिन्सचा, तिथल्या मिरवणुकांच्या ठेक्यावर वाढलेला. तो ठेका मोडत नाही, पण त्याच्या आतल्या आघातांची जागा सारखी हलवत राहतो. ग्रीन आपला तुकडा कधी मात्रेच्या किंचित पुढे टाकतो, कधी मागे ओढतो, कधी नेमका मात्रेवर बसवतो. सूर तेच, त्यांचे वजन दर खेपेला वेगळे. जो श्रोता फक्त कॉर्डच्या हालचालीत कल्पना शोधतो, त्याला इथे काही घडत नाही असे वाटणार. पण एकाच षड्जावर तासभर उभ्या राहणाऱ्या रागसंगीतावर ज्यांचे कान घडले, त्या आपल्यासारख्यांनी तरी खालचा आधार हलला नाही म्हणून वरचे संगीत गरीब ठरवू नये.

ते संगीत कुठे वाजत होते, हेही ऐकण्याचा भाग आहे. ‘अलाइव्ह!’ न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात क्लिशे लाउंज नावाच्या ठिकाणी ध्वनिमुद्रित झाली. तीन वर्षांपूर्वी, जुलै १९६७ मध्ये, हे शहर पेटले होते. २६ माणसे मेली होती. मैफलीच्या सहा आठवडे आधी, १ जुलै १९७० रोजी, केनेथ गिब्सन हा नेवार्कचा पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून सूत्रे हाती घेत होता. त्या मैफलीच्या रेकॉर्डीवर पहिले गाणे आहे ते कूल अँड द गँगचे, म्हणजे शेजारच्या जर्सी सिटीतल्या पोरांचे ताजे गाणे. टेपवर श्रोत्यांचा आवाज वादनात मिसळलेला आहे. ज्या लोकांसाठी हे वाजत होते, त्यांच्या घरी चकतीवरची खूण तपासायची पद्धत नसेल. पण आपल्या गल्लीतले गाणे या बोटांतून किती मोठे होऊन परत येते, हे त्यांना कळत होते. त्या पावतीला कमी लेखून वीस वर्षांनंतरच्या संग्राहकाची पावती प्रमाण मानायची, याला माझा विरोध आहे.

पुढे १९९१ मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाने याच मैफलीतल्या ‘डाउन हिअर ऑन द ग्राउंड’चा तुकडा आपल्या ‘व्हाइब्ज अँड स्टफ’ या गाण्यात वापरला. संग्राहकांतले काही जण याला पुरावा म्हणून पुढे करतात: बघा, हे संगीत तुकडे कापून ठेक्याखाली घालण्याच्याच लायकीचे. मला त्यातून उलटा अर्थ दिसतो. हजारो रेकॉर्डी चाळणाऱ्या विशीतल्या पोरांनी नेमका हाच तुकडा निवडला, कारण काही मात्रांतच ग्रीनचा सूर ओळखू येतो. अशी ओळख पूर्वपुण्याईवर मिळत नाही. ती त्या क्षणाच्या वादनात असावी लागते.

आता पूर्वपक्षाला जे देणे लागते ते देतो. उत्तरकाळातले सगळेच चांगले आहे असे माझे म्हणणे नाही. १९७१ ची ‘व्हिजन्स’ फिकी आहे. मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीचा तुकडा तिथे शोभेपुरता येतो आणि जातो. १९७६ ची ‘द मेन अट्रॅक्शन’ गुळगुळीत आहे. तिच्यात ग्रीन पाहुण्यासारखा डोकावतो. पण त्या का फसल्या हे पाहिले, की वर्षांपेक्षा चांगली कसोटी हाती लागते. दोन्हींत रचना आधीच आखून ठेवल्या आहेत, आणि तुकडा पकडून त्याला तापवायला ग्रीनला जागा मिळत नाही. त्याच्या पद्धतीला मुळात वेळ लागतो. तो वेळ मिळाला, आणि त्याच्याबरोबर श्वास घेणारा ड्रमवाला मिळाला, की ग्रीन उजळतो. नाही मिळाला की विझतो. दशक कोणतेही असो.

या कसोटीची खातरजमा सोनेरी काळातल्या सर्वांत लाडक्या रेकॉर्डीवरच होते. नोव्हेंबर १९६३ मधली ‘आयडल मोमेंट्स’ घ्या. शीर्षकगीत पियानोवादक ड्यूक पिअर्सनचे. बेत होता सात-एक मिनिटांचा. पण एक आवर्तन ३२ मात्रागटांचे धरायचे की ६४ चे, यावर वादकांत गोंधळ झाला. प्रत्येकाने ठरल्यापेक्षा दुप्पट लांब वाजवले आणि गाणे पंधरा मिनिटांवर गेले. रेकॉर्डीत ते मावेना, म्हणून बाकीची दोन गाणी आटोपशीर करण्यासाठी ११ दिवसांनी सगळे पुन्हा जमले. लांबलेले गाणे मात्र तसेच ठेवले, कारण ते पुन्हा तसे वाजणे नव्हते. संग्राहक ज्या मंद, सैल, विसावलेल्या ग्रीनवर प्रेम करतात, तो त्या चुकीने मिळालेल्या दुप्पट वेळातून जन्मला. तोच वेळ ‘अलाइव्ह!’ला क्लबने दिला. तोच २१ एप्रिल १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचवरच्या लाइटहाउस क्लबने दिला. व्हँकुव्हरच्या त्या रात्रीनेही तोच दिला.

म्हणून माझी मांडणी अशी आहे. ग्रीनच्या कामाचे दोन भाग करायचेच असतील तर ते १९६५ पूर्वी आणि नंतर असे करू नयेत. एका बाजूला ‘नायजेरिया’, ‘आयडल मोमेंट्स’, ‘मॅटाडोर’, ‘अलाइव्ह!’, ‘लाइव्ह अ‍ॅट द लाइटहाउस’ आणि ‘स्लिक!’ ठेवावीत: जिथे त्याला जागा मिळाली. दुसऱ्या बाजूला दोन्ही दशकांतल्या त्या रेकॉर्डी, जिथे कल्पना त्याच्या आधी ठरली होती आणि तो फक्त हजेरी लावून गेला. या विभागणीत क्लार्कबरोबरच्या बैठकींचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट त्या हरवलेल्या स्वर्गाचे अवशेष न राहता, दहा-पंधरा वर्षे चाललेल्या एका शोधाचा पहिला मोठा टप्पा ठरतात.

संग्राहकांचे ऋण मी मनापासून मानतो. कपाटे उघडणारे, टेपांवरचे दिनांक जुळवणारे, जपानी छपाईसाठी पदरमोड करणारे हे लोक नसते तर १९६२ चा तो हिवाळा आपल्या कानी पडलाच नसता. त्यांना माझे मागणे एवढेच: जी चिकाटी त्यांनी न प्रकाशित झालेल्या ग्रीनसाठी दाखवली, ती प्रकाशित होऊन स्वस्तात विकल्या गेलेल्या ग्रीनसाठीही दाखवावी. त्याच्या नेवार्क, लाइटहाउस आणि व्हँकुव्हरच्या मैफलींवर, कोणती रात्र, कोणता ड्रमवाला, कोणते गाणे किती वेळ, अशा तपशिलाने लिहिले जावे. जसे क्लार्कच्या बैठकींवर लिहिले गेले. हे काम झाले, तर ग्रीनच्या चरित्रातले उताराचे प्रकरण नव्याने लिहावे लागेल, आणि ते लिहिण्याइतका पुरावा आज प्रत्येकाला ऐकायला मोकळा आहे.